‘झोपला’च्या पुढचं टिंब

अकरा वाजून सात मिनिटांनी पाळणाघरातल्या काकूंचा मेसेज आला. एकच शब्द. ‘झोपला.’

ढब्बूच्या आईनं तो वाचला, फोन टेबलावर पालथा ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा वाचला. शब्दाबद्दल तिची तक्रार नव्हती. तेरा महिन्यांचा ढब्बू रोज या सुमाराला झोपतच असे. तिच्या घशात अडकलं ते शब्दापुढचं टिंब.

दोन महिन्यांत काकूंनी टिंब म्हणून दिलं नव्हतं. त्यांचे मेसेज कसे, तर ‘झोपला हो आमचा राजा!!!!’ किंवा ‘वाटी चाटूनपुसून साफ!!!’ ओळीच्या शेवटी उद्गारचिन्हांचं कुंपण आणि कुंपणावरून डोकावणारे दोन-तीन हसरे चेहरे. आज कुंपण नाही नि चेहरेही नाहीत.

दुसऱ्या एखादीनं हे सोडून दिलं असतं. पण ढब्बूची आई लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात होती, आणि तिचं कामच ते होतं. आलेली तक्रार वाचायची आणि तिच्यापुढे रंग भरायचा. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे तापलेला, लाल म्हणजे हाताबाहेर गेलेला. मेकॅनिक आधी लालकडे धावायचे. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईनं तिला कानमंत्र दिला होता. या बाईंचं वय पस्तीस, पण त्यांना सगळंच ठाऊक असल्यामुळे विभाग त्यांना आजीबाई म्हणत असे. "हे बघ," आजीबाई म्हणाल्या होत्या, "उद्गारचिन्हं देऊन बोंबलतोय तोवर माणूस आपला असतो. टिंब द्यायला लागला की समजायचं, वकिलाला भेटून आलाय."

तिनं फोन आजीबाईंपुढे धरला.

"लाल," आजीबाई म्हणाल्या.

"अहो, पण एकच शब्द आहे!"

"म्हणून तर. सकाळी काही बोललीस का त्यांना?"

बोलली होती. ढब्बूला सोडताना, "काकू, काल चड्डी उलटी घातली होती हं याला," असं. हसत. निदान तेव्हा तरी तिला वाटलं होतं, हसत. आता तो प्रसंग जितक्यांदा आठवावा, तितकं तिचं त्यातलं हसणं कमी होत चाललं होतं.

आणि हे पाळणाघर गेलं तर? इथं जागा मिळायला चार महिने यादीत थांबावं लागलं होतं. इतकं लहान मूल घेणारं दुसरं पाळणाघर शहराच्या पार त्या टोकाला. आई अंतरामुळे लांब होती आणि सासूबाई गुडघ्यांमुळे. तिची नोकरीही अजून पक्की नव्हती, महिनाअखेरीला साहेब ठरवणार होते. शिवाय काकूंसारखं माणूस कुठं मिळणार? पहिल्याच दिवशी त्यांनी अभिमानानं सांगितलं होतं, "बत्तीस वर्षांत आमच्याकडे एकाही मुलानं पहिलं पाऊल टाकलेलं नाही. सगळी आपापल्या आईसमोरच टाकतात. हाताला गुण असतो एकेकाच्या." त्या वाक्यावर विश्वासून तर ती लेकराला दिवसभर सोडत होती. आणि आता एक टिंब तिला पाळणाघरातून नोकरीवर आणि नोकरीवरून थेट घरी आणून बसवत होतं.

फोन करून विचारायची सोय नव्हती. पाळणाघराच्या दारावरच पाटी होती: अकरा ते चार फोन करू नये, एक जागं झालं की दहा जागी होतात. तिनं एक हसरा चेहरा टाकून लिहिलं, ‘त्रास नाही ना देत काकू?’

उत्तर आलं, ‘नाही. झोपला आहे.’

"‘आहे’!" आजीबाई खुर्चीतून उठल्याच. "घरचा माणूस ‘झोपलाय’ म्हणतो गं. ‘झोपला आहे’ म्हणजे नोटीस."

दीड वाजता ‘जेवला.’ आला. डबा तसाच बंद ठेवून तिनं जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"अगं, जेवला म्हणजे जेवला," नवरा म्हणाला. "चांगलंच आहे की."

"टिंब आहे त्याच्यापुढे."

"मग?"

"टिंब म्हणजे लाल. काकू आपल्याला काढणार. तुला कसं कळत नाही?"

"बरं बरं, मी बघतो काहीतरी."

नवऱ्याचं ‘बघतो’ म्हणजे एरवी काहीही न बघणं असे. आज मात्र त्यानं बघितलं, आणि तिथंच घात झाला.

इकडे तिनं सहा वेळा खोडून माफीनामा लिहिला. ‘काकू, चड्डीचं मनावर घेऊ नका ना... मी सहज म्हणाले... संध्याकाळी आले की बोलू...’ मग ती फोनकडे पाहत बसली. मध्ये आलेल्या तीन तक्रारींना तिनं काहीही न वाचता लाल रंग भरला. अकरा मिनिटांनी उत्तर आलं.

‘कोणती चड्डी ते कळले नाही. बोलू. आम्हालाही बोलायचे आहे.’

आजीबाईंनी तिच्या पाठीवर नुसता हात ठेवला. आजीबाई गप्प बसल्याचं विभागानं पहिल्यांदाच पाहिलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी शेवटचा घाव पडला. ‘माझ्या बहिणीकडे चौकशी केलीत, असे समजले. मुलाचे सामान भरून ठेवले आहे.’

तिनं जिन्याकडे धाव घेतली. "तू कुणाला फोन केलास?"

"त्या दुसऱ्या पाळणाघरात. म्हटलं, हाताशी असावं एक," नवरा खुशीत म्हणाला. "बाई काय गोड बोलतात अगं! आत्ता कुठे ठेवता, कुणाकडे ठेवता, सगळी आपुलकीनं चौकशी."

"आणि तू सांगितलंस?"

"न सांगायला काय झालं?"

"त्या बाई आपल्या काकूंची बहीण आहेत!"

पलीकडून बारीक आवाजात, "तरीच म्हटलं, आवाज ओळखीचा वाटतोय."

ती साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, घरी जरा अडचण आहे, लवकर जाऊ का?" साहेब स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "जा." त्या ‘जा’पुढे काय होतं ते पाहायला ती थांबली नाही.

पाळणाघराच्या उंबऱ्यातच ढब्बूची पिशवी होती. चेन अर्धवट लागलेली, आतून रबरी बदकानं मान बाहेर काढलेली. आत काकू ढब्बूला मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. डोळे लाल, चष्मा नाही. बाकीची मुलं पलीकडच्या खोलीत झोपली होती, म्हणून जे काही झालं ते कुजबुजत झालं.

"आलीस? घेऊन जा बाई," काकू म्हणाल्या. "आम्ही कोण? चार दिवसांचे सांभाळणारे."

"काकू, तुम्हीच काढताय ना त्याला?"

"मी? मी काढीन या सोन्याला?"

"मग सकाळपासून टिंबं का देताय?"

"कसली टिंबं?" काकूंनी कोपऱ्यात पाहिलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीत काका बसले होते. एरवी ते वरच्या मजल्यावरून खाली उतरत नसत. त्यांच्या हातात काकूंचा फोन होता. "ती माझी," ते म्हणाले. "हिचा चष्मा फुटला. ही सांगते, मी लिहितो."

"यांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, चार उद्गारचिन्हं द्या. ऐकतील तर शपथ!"

"मूल झोपलं यात उद्गार कसला?" काका शांतपणे म्हणाले. "रोजच झोपतं. वाक्य संपलं की टिंब. एक राहिलं तरी मालक अख्खं पान परत जुळवायला लावायचे. पण तुम्ही ते काय लिहिलंत? तीन-तीन टिंबं! तीन टिंबं म्हणजे मजकूर गाळलाय. काय गाळलाय ते शोधत दोघं दुपारभर बसलोय. ही म्हणाली, मूल काढून नेतायत, तेच गाळलंय. तेवढ्यात हिच्या बहिणीचा निरोप आला."

ढब्बूची आई मटकन खाली बसली. रडावं की हसावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं दोन्ही थोडं थोडं केलं. काकूंनीही केलं. काकांनी बदक पिशवीतून काढून खिडकीत ठेवलं आणि ते काकूंशेजारी येऊन उभे राहिले. आपलं चुकलं, याची ती त्यांनी दिलेली कबुली होती.

"पण चष्मा फुटला कसा?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"तुझ्या लेकानंच. त्या खिडकीजवळच्या स्टुलावर होता, ओढला खाली."

"इतका उंच? धरायला तर काहीच नाही तिथं. पोचला कसा?"

"अहो, तो चा—" काका म्हणाले, आणि काकूंची टाच त्यांच्या पायावर पडली.

"रांगत गेला," काकू म्हणाल्या. "रांगतच."

काका फोनची मागची बाजू निरखून पाहू लागले.

"अगं, धर बरं याला, मी पिशवी उपसते," असं म्हणत काकूंनी ढब्बूला भिंतीशी उभं केलं आणि स्वतः बाजूला झाल्या. ढब्बूनं आईकडे पाहिलं. भिंत सोडली. एक, दोन, तीन आणि चौथ्या पावलाला तो धप्पकन आईच्या गळ्यात.

"अगंबाई, चालला की!" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी काकांना कोपरानं ढोसलं.

"अरे वा!" काका दचकून ओरडले. "कमाल! पहिल्यांदाच! नाही का!"

पलीकडच्या खोलीत एक मूल जागं झालं. मग दहा.

तिनं काकांकडे पाहिलं. दिवसभर माणसांचे सूर पारखणारी ती. चाळीस वर्षांत एकही फुकट न दिलेल्या माणसाची ती ओळीनं चार उद्गारांची उधळण खरी नव्हती, हे तिला लगेच कळलं. दिवसभराचे ते सुके मेसेज का, हेही कळलं. एक शब्द जास्त लिहिला असता तर काकांच्या हातून बातमी सांडली असती. आणि बत्तीस वर्षांत इथं कुणीच पहिलं पाऊल कसं टाकलेलं नाही, तेसुद्धा.

"हो ना," ती म्हणाली. "पहिल्यांदाच." आणि तिनं ढब्बूच्या केसांत तोंड लपवलं.

निघताना काका म्हणाले, "उद्या नऊला आणा." त्या वाक्याचं टिंब तिला स्पष्ट ऐकू आलं आणि फार आवडलं.

रस्त्यावर आल्यावर तिनं एका हातानं नवऱ्याला लिहिलं, ‘ढब्बू चालायला लागला. माझ्यासमोर. पहिल्यांदा.’ तिन्ही टिंबं तिनं अगदी मनापासून, ठासून दिली.

बसथांब्यावर पोचायच्या आत फोन वाजला.

"अगं, तू रडतेयस का? काकूंनी काढलं ना?" नवऱ्याचा आवाज कापत होता. "हे बघ, चूक माझीच आहे. पण अशी लाल होऊ नकोस माझ्यावर!"