धुराच्या आश्रयाला

गेल्या रविवारी मारेन सासूबाईंना, रोझविताबाईंना, तोंडावर म्हणाली होती, "आई, तुमच्या ह्या चौकात मी युस्टुसला पुन्हा आणणार नाही. इथे श्वास घेणं म्हणजे ट्रकच्या नळकांड्याला तोंड लावणं!" रोझविताबाईंनी उरलेला प्लमचा केक डब्यात भरून दिला होता.

आणि आज भर दुपारी मारेन त्याच चौकात, त्याच दारात उभी होती. हाताशी खोकणारा मुलगा, युस्टुस.

झालं होतं असं. स्टुटगार्ट शहर वाटीसारखं, सासूबाईंचा चौक तळाशी आणि मारेनचं घर काठावरच्या टेकडीवर, जंगलाला लागून. चार दिवस ऊन रटरटत होतं. "जा, ताजी हवा खा," म्हणून तिने पोराला अंगणात सोडलं, आणि तो खोकतच आत आला. घर बंद करून बसावं, तर आत भट्टी. फोनवर हवेचे आकडे पाहिले. टेकडीवर छातीला झोंबणारा ओझोन वायू लालभडक, सासूबाईंच्या चौकात हिरवा!

"यंत्रच बिघडलंय," ती म्हणाली. मग तिला आठवलं आणि तिची कानशिलं तापली. गाड्यांच्या धुरातली नायट्रोजन ऑक्साइडं इतर वाफांसोबत उन्हात शिजतात, त्यांचा ओझोन होतो आणि वाऱ्याबरोबर टेकडी चढतो. चौकातला ताजा धूर मात्र आसपासचा ओझोन गिळून टाकतो. हा धूरही काही औषध नव्हे, पण युस्टुसची छाती भरायची ती ओझोननेच. मारेन शाळेत रसायनशास्त्र शिकवते. हे उत्तर चुकलेल्या मुलांचे गुण तिनेच कापले होते.

"तू?" रोझविताबाईंनी दार उघडलं.

"ते... युस्टुसला तुमची फार आठवण येत होती."

"मला नव्हती येत," युस्टुस म्हणाला.

"मग मला येत होती!" मारेन घाईने म्हणाली.

सासूबाईंचे डोळे भरून आले. "ये गं, आत ये. तुझं बोलणं लागलं मला, पण पटलं. जन्मभर हा धूर खाल्ला. उद्याच घरमालकाला कळवते आणि तुमच्या वरच्या खोलीत येते राहायला. एवढी आठवण येते म्हणतेस, तर रोजच भेटू की!"

मारेनला ठसका लागला. बोलावं तर अब्रू जाते, न बोलावं तर सासूबाई येतात. त्यात म्हातारीची छातीही नाजूक, टेकडीवरचा ओझोन तिलाही बाधणार. शेवटी आत कॉफीच्या टेबलाशी मान खाली घालून तिने सगळं सांगितलं.

रोझविताबाईंनी शांतपणे कॉफी संपवली. "म्हणजे आठवण माझी नाही आली. धुराची आली."

खाली एक ट्रक घरघरत थांबला. सासूबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी सताड उघडली. "घे रे युस्टुस, पोटभर घे. आईने खास आणलंय तुला."

परत येऊन बसता बसता त्यांनी सहज विचारलं, "हिवाळ्यात तुमच्या टेकडीवर ऊन असतं का गं?"

"छे, कुठलं ऊन!" मारेन म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

"मग ओझोनही नसणार. नोव्हेंबरात येते. खोली झाडून ठेव."