कचेरीच्या डोक्यावर चार मजले

चांगुणाबाई गेल्याची बातमी गल्लीत कळली, त्या दिवशी भेटायला आलेली माणसं त्यांच्याच घरातल्या पाणीटंचाई कचेरीच्या बाकांवर बसली. दुसरीकडं बसणार कुठं? लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांना जागा मिळेना, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, शेषेरावांनी, घराची पुढची खोली भाड्यानं दिली होती. कचेरीनं मग माजघर घेतलं, मग स्वयंपाकघरही गिळलं. नवरा-बायको परसातल्या पत्र्याखाली आले. रडणाऱ्या बायकांना शिपायानं विचारलं, "टँकरचा अर्ज आणलाय का?"

पत्र्याखाली घाम पुसत चांगुणाबाई म्हणायच्या, "आता कचेरीच्या डोक्यावर जाऊन राहू. त्याबिगर हिला धाक न्हाई बसायचा!"

दहाव्याला मांजरेच्या कोरड्या पात्रात पिंड मांडला, पण कावळा शिवेना! दुष्काळात बाकीचे कावळे चपलासुद्धा सोडत नव्हते. हा मात्र बाभळीवर तहसीलदारासारखा बसून राहिला.

"वहिनीची काहीतरी इच्छा राहिली," शेषेरावांची बहीण कोंडाबाई म्हणाली. "दादा, बोल की!"

शेषेरावांनी हात जोडले. "कचेरीवर एक खोली बांधतो."

कावळ्यानं मान फिरवली.

"पुरा मजला बांधतो!"

कावळ्यानं पंख खाजवला.

"दोन मजले! तीन!" शेषेरावांचं डोकं तापलेलं, डोळ्यांत पाणी. "जा, चार मजले बांधतो! लातूरभर दिसतील असे!"

कावळा झपकन खाली आला.

"समद्या भावकीनं ऐकलंय हां," कोंडाबाई म्हणाली.

तेव्हापासून शेषेरावांना एका जागी बसवेना. बोललेला शब्द मेलेल्या बायकोला दिलेला, तो मोडणार कसा? निलंग्याहून ईश्वरप्पा मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर टिचकी मारली.

"मालक, हिच्यावर चिमणीलाबी मला इचारूनच घरटं बांधू द्या."

"मग?"

"भिंतीबाहेरून खांब उभे करू. कचेरी खाली, घर वर. पण काँक्रीटला पाणी लई लागतंय."

"पाणी आणतो!" शेषेराव म्हणाले, जशी नदी त्यांच्याच परसात बांधली होती!

खड्डे खणले, सळया उभ्या केल्या. मेहुण्याच्या विहिरीवरून टँकर आला आणि दारात, बरोब्बर टंचाई कचेरीच्या पाटीखाली थांबला. ड्रायव्हर उतरायच्या आत गल्ली हंडे घेऊन हजर!

"आला गं सरकारी टँकर!"

"आवं, माझा हाय तो!" शेषेराव ओरडले.

"तुमचा कसा? पाटी वाचता येती आमाला!" शेजारची केवळाबाई म्हणाली आणि तिनं नळीला हंडा लावला.

गलका ऐकून कचेरीतले साहेब बाहेर आले. वर्षभर शिव्याच खाल्लेला माणूस! पहिल्यांदाच लोक त्यांच्या नावानं जयजयकार करत होते. साहेबांनी शर्ट नीट खोचला. "शांततेत घ्या! सगळ्यांना मिळेल!"

दुसरा टँकर शेषेरावांनी मागच्या बोळात घातला. टँकर वळायच्या आत रांग वळली! तिसऱ्या वेळी साहेबांनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"शेषेराव, उद्या जरा लवकर मागवा. वरचे साहेब पाहणीला येताहेत."

"साहेब, माझे खांब..."

"खांब काय, पळून चाललेत का?"

शेवटी शेषेराव स्वतःच हंडा घेऊन धावले.

"मामा, मागं सरका! लाईन हाय," केवळाबाई म्हणाली.

"बाई, माझंच पाणी हाय गं!"

"समदे असंच म्हणत्यात!"

शेषेराव रांगेत मागं गेले. नंबर येईतो नळी खोकली, गुरगुरली आणि अर्धा हंडा भरून बंद पडली. ईश्वरप्पानं आत डोकावलं.

"मालक, एवढ्यात खांबाचं तोंडबी धुवून न्हाई व्हायचं."

मागं एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी होती. शेषेराव तिच्याकडं बघत राहिले. चांगुणाबाई पाण्यासाठी रोज दोन गल्ल्या फिरून यायच्या, तेव्हा त्यांचाही हंडा अर्धाच असायचा. शेषेरावांनी हंड्यातलं पाणी म्हातारीच्या घागरीत ओतलं.

"साहेबांचं भलं होवो!" म्हातारी म्हणाली.

सळया उभ्या आहेत. कोंडाबाई येते, वर बघते आणि निघून जाते. खांब भरायचे राहिलेत. चारही मजले राहिलेत.