तात्यांचा बॉल चाललाय

"पावणं, थांबा! बॉल चाललाय!"

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी ही आरोळी ऐकून माझ्या हातातलं दूध सांडलं. खिडकीतून पाहिलं, तर गल्लीच्या मधोमध रंगीत टोपीवाले एक गृहस्थ काठीनं पांढरा चेंडू ढकलत होते. समोर स्टीलचा पेला आडवा. दूधवाला, भाजीची हातगाडी, स्कूटरवाले, सगळे निमूट उभे. चेंडू पेल्यात ठणकन गेला, मगच गल्ली हलली.

हे आमचे मानसिंगतात्या. उभा जन्म लोकांना गोल्फ शिकवण्यात गेला आणि साठीकडं झुकल्यावर त्यांनी डोक्यात घेतलं, की वयस्कर व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धा असतात, त्या खेळायच्या. "कुस्तीत म्हाताऱ्याला कोण विचारतंय? हितं बक्षीस देत्यात की!"

आता गंमत बघा. गोल्फ हा चिडीचूप खेळ, आणि तात्यांचा आवाज असा, की पन्हाळ्यावरनं हाक मारली तर पेठेत ऐकू यावी. त्यांचा बॉल चाललेला असताना कुणी शिंकलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. घरात शिरले की पुन्हा सुरू. "शालन! चहा!" "शालन! मोजं कुठं हायत?" शालनकाकी हसत हसत चहा आणायच्या. मला मात्र त्या माणसाचा संताप यायचा. एकदा तोंडावर बोललेच, "तात्या, बायकोशी जरा हळू बोलावं माणसानं!"

"तिला कमी ऐकू येतंय," तात्या म्हणाले. "मोठ्यानं बोललं की येतंय. आपण घसा वाचवला, तर ती एकटी पडंल की."



यंदा ती स्पर्धा कोल्हापुरातच भरली. पहिल्या दोन दिवसांत जे पुढं राहतात, तेवढेच शेवटच्या दिवशी खेळतात, बाकीचे घरी. तात्या दरवेळी बाकीच्यांत. "औंदा न्हाय जमलं, तर किट विकून टाकतो. बास झालं!" हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. मग काकींनीच हट्ट धरला, आपण बघायला जायचं. एवढ्या वर्षांत त्या मैदानावर कधी गेल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन निघाले.

रिक्षात मी ओरडून विचारलं, "काकी, टेन्शन आलंय का?"

"वरडू नको गं पोरी. मला काडीचं ऐकू येत न्हाय. तुझ्या ओठांवरनं कळतंय."

"अहो, पण तात्या तर..."

"त्यास्नी वाटतंय, मोठ्यानं बोललं की येतंय. डॉक्टरनं सांगितल्यालं पटतच न्हाय त्यांना. आशा हाय त्यांची. ऱ्हाऊ दे की."

 

आम्ही पोचलो तेव्हा तात्या शेवटच्या होलवर, म्हणजे बॉल पाडायच्या शेवटच्या खड्ड्यापाशी होते. हा एक बॉल पडला, तर उद्या खेळायचं. नाही तर किट विकायचं. एका अधिकाऱ्यानं हात वर केला आणि सगळं मैदान गप्प झालं. तेवढ्यात काकी माझ्या कानाशी कुजबुजल्या. ज्या बाईला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, तिची कुजबुज ती!

"अगं, पाय लटलटतोय बघ त्यांचा!"

सगळ्यांनी ऐकलं. अधिकाऱ्यानं डोळे वटारले. तात्या बॉलपासून मागं सरले. आता आमचा उद्धार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडून बघते तर तात्या पोट धरून हसत होते! हसता हसता पाय थांबला. पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी बॉल ढकलला. मेला काठाशी जरा घुटमळला, आणि पडला.

टोपी भिरकावून तात्या थेट काकींपुढं धावत आले.

"शालन! पडला! आवाज आला का?"

"आला की!" काकी म्हणाल्या. "ठणकन आला!"

तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. गवतातल्या होलात बॉल पडतो तो टप्, जेमतेम. ठणकन वाजतो तो आमच्या गल्लीतला स्टीलचा पेला. किती तरी वर्षांपूर्वी काकींनी ऐकलेला.

 तात्यांनी काकींचे दोन्ही हात धरले, तोंड त्यांच्या समोर आणलं आणि काहीतरी बोलले. शेजारी उभी असून मला अक्षर ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलले.

"येते की," काकी म्हणाल्या. "उद्या डबा घिऊनच येते."