दीर्घायुष्याचं लाकूड

तान मास्तरांनी करवत उचलण्याआधी रीतसर परवानगी घेतली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर माणूस चोर ठरतो, आणि तान मास्तर चोर नव्हते. शहाणे होते, एवढाच त्यांचा दोष.

चीनमधल्या छंगदू शहराच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून ते निवृत्त झाले आणि डोंगरातल्या बाईपो गावातलं ल्याओ आजोबांचं जुनं शेतघर त्यांनी वीस वर्षांच्या कराराने घेतलं. आजोबांचे गुडघे गेले होते. गावाच्या तीनशे पायऱ्या चढवेनात, म्हणून मुलगा त्यांना तालुक्याला सातव्या मजल्यावर घेऊन गेला. इकडे मास्तरांनी मोबाइलवर बघून बघून घर दुरुस्त करायला घेतलं. छपरात उजेडासाठी काच बसवली, तर शेजारची चौथी काकू रोज विचारायची, "मास्तर, ते भोक कधी बुजवणार?" लसूण लावला तो उलटा. वर तर काही आला नाही, खाली पाताळात कुणाच्या तरी फोडणीला गेला असेल. कोंबड्या इतक्या लाडावल्या की अंडं घालायचं झालं तर मास्तरांच्या उशीवर येऊन घालायच्या. त्यांची बायको रूईफांग म्हणायची, "भूगोल शिकवलास ना तू? मग वर कुठे आणि खाली कुठे, एवढं तरी कळायला हवं होतं."

तर अशा त्या घराच्या गोठ्यात, मागच्या भिंतीला, सरूच्या फळ्या रचून ठेवलेल्या होत्या. चार चार बोटं जाड, सात सात फूट लांब, आणि वास असा की म्हशीसुद्धा तिकडे तोंड करून रवंथ करायच्या.

बाईपोत माणूस साठीला आला की स्वतःला पुरायच्या शेवटच्या पेटीचं लाकूड बाजूला काढून ठेवतो. पण पेटी हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. त्याला दीर्घायुष्याचं लाकूड म्हणायचं. आणि ती जोडायची अधिक महिन्यात, म्हणजे मालकाचं आयुष्यही तसंच वाढत जातं. ल्याओ आजोबांचं लाकूड तर जोडीचं होतं. एकाच सरूचे दोन भाग केलेले. एका भागात आजी नऊ वर्षांपूर्वी निजली, दुसरा आजोबांसाठी थांबलेला. सातव्या मजल्यावर तो जाणार कसा? लिफ्टमध्ये मावेना, आणि सूनबाई म्हणाल्या, एक तर ते राहील नाहीतर मी.

हे गावातल्या म्हशींनाही ठाऊक होतं. मास्तरांना नव्हतं. छंगदूत फरशीवाले लाकडी फरशी विकताना 'दीर्घायुषी लाकूड' म्हणायचे, तेवढंच त्यांनी ऐकलेलं.

घरभरणीचं जेवण ठरलं. जेवण म्हटलं की टेबल हवं. मास्तरांनी आजोबांना फोन लावला. आजोबांचा एक कान बंद आणि दुसरा अर्धवट.

"आजोबा, गोठ्यातलं ते लाकूड! नुसतं पडून आहे! त्याचं काम करून घेऊ का?"

पलीकडे आजोबांनी फोन अर्ध्या कानाला लावला. मग म्हणाले, "तू करतोस बाबा? माझं दीर्घायुष्याचं लाकूड?"

"दिसतंयच ना! शंभर वर्षं टिकेल!"

"शंभर कशाला, माझ्यापुरतं टिकलं तरी खूप. पोटचा पोरगा दोन वर्षं टाळतोय रे. कर, पुण्य लागेल तुला. फक्त अधिक महिना लागू दे."

मास्तरांना वाटलं, लाकूड वाळायची काहीतरी जुनी पद्धत असेल. "चालेल! वरचा भाग एकदम गुळगुळीत करतो बघा!"

"आतून पण कर!"

"आतून, बाहेरून, सगळीकडून! झालं की पहिला मान तुमचा!"

"माझाच असणार! दुसऱ्या कुणाचा?" आजोबा हसत सुटले, आणि त्याच दिवशी त्यांनी सातही मजल्यांवर सांगितलं की शहरातला मास्तर देवमाणूस आहे.

"नीट विचारलंस ना?" रूईफांगनं चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"विचारलं! पुण्य लागेल म्हणाले."

"टेबलाला पुण्य?"

"खेड्यातली माणसं भावुक असतात."

त्या वर्षी दुसरा महिना अधिक आला. महिना लागला त्याच सकाळी मास्तर गोठ्याचं दार लावून आत शिरले. सात फुटांच्या फळ्या कापून पाच फुटांच्या केल्या, चौरस टेबल करायचं म्हणून. कापलेल्या तुकड्यांचे पाय केले, बाकं केली. आठ दिवस गोठ्यातून असा आवाज येत होता की लोकांना वाटलं आत मास्तर आणि म्हैस यांचं भांडण जुंपलंय. उरलेले तुकडे आणि भुसा रूईफांगनं वाया घालवला नाही. डुकराचं मांस मीठ-मिरी चोळून चुलीवर टांगलं आणि त्याला सरूचा धूर दिला. खरं तर हे काम नवीन वर्षाच्या आधी, थंडीत करायचं. चौथी काकू कुंपणापलीकडून ओरडली, "अगं, वसंतात कसला धूर देतेस?" पण वास आला तशी तीही गप्प झाली.

घरभरणीला अख्खं गाव आलं. फटाके झाले. अंगणातून माणसं घरात शिरली, टेबल बघितलं आणि दारातच थबकली.

"बसा, बसा!" मास्तर म्हणाले.

"मी उभीच बरी," चौथी काकू म्हणाली. "गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखतो तर बसायला नको?"

"हा उभं राहिलं की थांबतो."

दुसऱ्याची पाठ धरली होती. तिसऱ्याला वैद्यानं बसून जेवायची मनाई केलेली. बघता बघता चाळीस माणसं वाडगे हातात घेऊन भिंतीला टेकून उभी. घरभरणीत अशुभ बोलायचं नाही, म्हणून खरं कुणी बोलेना. आणि न बोलता जेवण गिळवेना.

"टेबल कसं झालंय, ते तरी सांगा," मास्तर रडकुंडीला आले.

"आरामशीर आहे," कुणीतरी म्हणालं.

"माणूस एकदा टेकला की उठणार नाही," दुसऱ्यानं भर घातली.

गावचा यान सुतार पुढे झाला. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. "सांधे चांगले बसलेत," तो हळूच म्हणाला. "माप तेवढं आखूड पडलं."

मास्तरांना वाटलं, खेड्यातल्या लोकांना शहरी माणसाची कारागिरी बघवत नाही. तेवढ्यात अंगणात गलका झाला. ल्याओ आजोबा आले होते! मुलाच्या पाठीवर बसून, नवा निळा कोट घालून, तीनशे पायऱ्या.

"कुठंय? माझं कुठंय? दाखव!"

मास्तरांनी त्यांचा हात धरून आत नेलं. चाळीस माणसांनी आपापल्या वाडग्यात तोंड खुपसलं. आजोबांनी टेबल बघितलं, टेबलाच्या मागे बघितलं, वाकून खाली बघितलं.

"हे बाजूला घे. माझं कुठंय?"

"हेच की, आजोबा!"

आजोबांनी टेबलावर हात ठेवला. मग नाक खाली नेऊन वास घेतला. तसाच हात फिरवत राहिले, एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"किती माणसं बसतात?"

"आठ. ऐसपैस."

"मी एकटाच मावणार होतो रे," आजोबा म्हणाले.

पहिल्यांदा कळलं ते रूईफांगला. तिच्या हातातला डाव सारात पडला. "अरे गाढवा," ती किंचाळली, "तू त्यांची पेटी कापलीस!"

शब्द निघाला. चौथी काकू तीनदा थुंकली. मास्तर आधी हसले, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले, आणि मग मटकन जमिनीवर बसले.

"मी विचारलं होतं हो," ते म्हणाले. "फोनवर... तुम्ही पुण्य म्हणालात..."

"मला वाटलं, तू माझ्यासाठी करतोयस," आजोबा म्हणाले. आवाज चढवला नाही, हेच वाईट. चढवला असता तर मास्तरांना निदान मान खाली घालायला काहीतरी मिळालं असतं.

मुलानं विचारलं, "उरलेले तुकडे असतील ना? जोडून काही होईल."

रूईफांगची नजर चुलीकडे गेली. तिच्यामागोमाग सगळ्या गावाची. वर टांगलेलं मांस तांबूस, तकतकीत, मंद वासाचं. आजोबा चुलीपाशी गेले. ताटात शिजवून ठेवलेला एक पातळ काप तोंडात टाकून बिनदातांनी बराच वेळ चघळला.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "सरूचा धूर लागतो."

कुणी हसलं नाही. कुणीतरी नाक शिंकरलं.

"मी नवीन आणतो," मास्तर म्हणाले. "डोंगरात असेल तेवढं जाड सरू. वाटेल ते लाकूड..."

"सरू काय, पुष्कळ आहेत. ती ज्याच्यात झोपलीय ते एकच होतं." आजोबांनी बाक पुढे ओढलं आणि त्या टेबलापाशी पहिल्यांदा ते बसले. "यान, बघ रे. आहे त्यात काय होतं?"

यान सुतारानं विती टाकल्या. बोटांवर हिशेब केला. छपराकडे बघितलं. "कडा होतील. झाकण होईल. पण लांबी पाच फूट. माणूस आत..."

"पाय दुमडून," आजोबांनी वाक्य पुरं केलं. "त्यात काय? एकावन्न वर्षं तिनं मला पलंगावर पाय पसरू दिले नाहीत. म्हणायची, सगळी जागा तूच खातोस. मला वाटलं होतं, तिकडे तरी पसरीन. जाऊ दे. तिचंच म्हणणं खरं झालं."

आता मात्र चौथी काकू फसकन हसली आणि हसता हसताच तिनं डोळ्याला पदर लावावा तशी कोटाची बाही लावली. मग सगळे हसले. बोलायचं ते बोलून झालं होतं, त्यामुळे लोक बसले, जेवले, दोनदा वाढून घेतलं. मांस तर इतकं संपलं की दोरीसुद्धा कुणीतरी चाटली म्हणतात. फक्त मास्तर जमिनीवरच बसून होते. त्यांना त्या बाकावर बसवेना.

अधिक महिन्याचे काही दिवस उरले होते. यान सुतारानं टेबल सोडवलं आणि पेटी जोडली. मास्तर दिवसभर फळ्या धरून उभे असायचे. झाल्यावर आजोबा पुन्हा मुलाच्या पाठीवरून आले, चपला काढल्या आणि मापाला आत निजले. गुडघे आभाळाकडे.

"बसतंय की!" आतून आवाज आला. मग गुळगुळीत लाकडावरून तळवा फिरल्याचा आवाज. "मास्तर, आतून पण घासलंयस. शब्द पाळलास हो."

मास्तरांनी मान डोलावली आणि ते परसात गेले. तिथून बराच वेळ परतले नाहीत.

पेटी गोठ्यात जुन्या जागी आहे. आजोबांची तब्येत उत्तम आहे. ते सातव्या मजल्यावरून फोन करून मास्तरांना लसूण कसा लावायचा ते शिकवतात. मास्तरांचं घरही आता घरासारखं झालंय. मास्तर आणि रूईफांगसाठी पुढच्या खोलीत मोठा पलंग आहे, चार माणसं आडवी होतील एवढा. पण दुपारी जेवून आडवे झाले की मास्तर एका कडेला भिंतीकडे तोंड करून पडतात, गुडघे पोटाशी घेऊन.

"अरे, पाय पसर की," रूईफांग म्हणते. "एवढी जागा आहे."

"असू दे," मास्तर म्हणतात. "सवय करून बघतोय."