चुलीचं पासिंग

आमच्या शेजारचे गोविंदआप्पा दर गुरुवारी आपली चूल फोडतात. चिडून नाही हो, अगदी शांतपणे, टिकाव घेऊन. आणि फोडण्याआधी मला वास घ्यायला बोलावतात.

वास कशाचा, तर त्यांच्या धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्याचा! आप्पांनी उभा जन्म एसटी चालवली, त्यामुळे आरटीओत गाडी लावावी तशी चूलसुद्धा पासिंगला लावायची. स्वयंपाकघरात खुंटीला सदरा टांगायचा, तासभर बाभळीची लाकडं जाळायची आणि मग तो सदरा माझ्या नाकाशी धरायचा.

“सुंगी पाह्य ताई, धूर शे का?”

“आहे, आप्पा.”

“पासिंग नही!” की उचलला टिकाव.

मग पुन्हा माती, भुसा, शेण कालवायचं आणि नवी चूल घालायची. आमच्या रनाळे गावात एवढ्या चुली कुणाच्या सात पिढ्यांनी घातल्या नसतील. एकदा चुलीचं तोंड एवढं मोठं ठेवलं की आत वासरू मावलं असतं. एकदा धुराचा पाइप आखूड पडला आणि सगळा धूर माझ्या गच्चीवर. वाळत घातलेले उडदाचे पापड काळेठिक्कर! त्या दिवशी मात्र मी तोंड सोडलं.

“आप्पा, घरात गॅस आहे ना? मग ही कसली थेरं चालवलीत?”

आप्पांनी हातातला चिखल खाली ठेवला. “तुन्ही काकीले दम लागस. डॉक्टर सांगस, धूर बंद. पोरगी तिले खांडबाऱ्याले लई गयी.”

काकी, म्हणजे आप्पांची बायको, दिवाळीत लेकीकडे गेल्याचं मला ठाऊक होतं, पण मला वाटलं, हवापालटाला. “मग गॅसवर करा म्हणावं भाकरी!”

“ऐकस का ती? मन्ही पाठ फिरनी का चूल पेटाडस. चाळीस वरीस समजाडं, ती सुधरनी नही. आते मी चूलच सुधारस.”

“आणि लेकीनं पाठवलंच नाही तर?” मी उगाच बोलून गेले.

आप्पांनी चिखल पुन्हा हातात घेतला. “घर खावाले उठस, ताई,” एवढंच म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. पापड गेले खड्ड्यात म्हटलं आणि पदर खोचला. चुलीचं तोंड लहान करवलं, पाइप छपराच्या वर नेला, लाकडांखाली हवेला वाट ठेवायला शिकवली. ओली लाकडं तर मीच उचलून बाहेर फेकली. गुरुवारी सदरा दोनदा हुंगला.

“साबण, आप्पा! नुसता साबण!”

आप्पांनी लेकीला फोन लावला आणि चूल पास झाल्याचं इतक्या मोठ्यानं सांगितलं की फोनची गरज नव्हती.

शनिवारी काकी पॅसेंजरनं आल्या. पिशवी टाकली आणि तडक चुलीपुढे बसल्या. वाकून आत पाहिलं.

“अरे देवा! इतला लाकडं कोंबतस का कोनी?” दोन लाकडं त्यांनी बाहेर ओढली आणि चूल पेटवली. मग राखेवरून बोलल्या, पाटावरून बोलल्या, पिठाच्या डब्याचं झाकण नीट लावलं नाही म्हणून बोलल्या. खोकल्या मात्र एकदाही नाहीत.

दिवाळीपासून त्या घरात आप्पांना कुणी रागावलं नव्हतं. ते दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. काकी बोलून बोलून थांबल्या, तसे पुढे झाले.

“बोल ना,” आप्पा म्हणाले, “थांबू नको, आखो बोल.”