खांबावरचा हेर

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं गल्लीतले एकमेव गुप्तहेर स्वतःबद्दल सांगत. मुंग्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचा मेहुणा. दाजींना स्वतःचा चष्मासुद्धा सापडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो शोधून द्यायचं काम त्याच्याकडेच होतं. दोन दिवस तो गावाला काय गेला, तेवढ्यात दाजींनी आयुष्यातली पहिली केस सोडवली होती. परत आल्या आल्या त्याने वहीतली नोंद वाचली: 'खांबावरचा हेर. कायमचा बंदोबस्त.'

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू गळ्यातली टेप न काढताच धावत आल्या.

"परवापासून फोनला रेंज नाही हो! लेकीचे दिवस भरलेत, परगावी आहे ती. तिने फोन केला आणि लागलाच नाही तर?"

"आणि माझा पिठाचा स्टीलचा डबा कुठाय?" आतून मेहुण्याची ताई ओरडली. "दोन दिवस पीठ पातेल्यात ठेवतेय!"

"घरगुती चोऱ्या मी घेत नाही," दाजी म्हणाले.

गल्लीने भांडून मोबाइलचा टॉवर येऊ दिला नव्हता. म्हणून कंपनीने खांबावर बुटाच्या खोक्याएवढं यंत्र बसवलं होतं, आणि महिनाभर रेंज झकास होती.

"दाजी, आधी खांब बघू या?" मेहुण्याने विचारलं.

"खांबाची केस मिटलीय. गप्प बस!"

पहिला संशय न्हाव्यावर. "दिवसभर कात्री चालवतो. रेंजच्या लहरी कापल्या जाणार नाहीत तर काय!" वेषांतर म्हणून दाजी दाढीला बसले आणि तोंडावर आरोप करून मोकळे झाले. न्हाव्याने अर्ध्या दाढीवर त्यांना खुर्चीतून उठवलं.

दुसरा संशय टॉवरला विरोध करणाऱ्या मास्तरांवर. मास्तर म्हणाले, "मी फोन वापरतच नाही. तुमच्यासारखे लोक बोलतात त्यावर."

मग अर्धी दाढी घेऊन दाजी थेट काकूंच्या घरी. "काकू, तुमचं शिलाई मशीनच लहरी शिवून टाकतंय!"

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पाठोपाठ ताई आली, सहज गॅलरीत गेली आणि किंचाळली, "अहो, माझा डबा! खांबावर उपडा!"

"उघडू नका!" दाजी गरजले. "आत हेर कोंडलाय. हिरवा डोळा मिचकावत गल्लीवर पाळत ठेवत होता!"

मेहुणा शिडी घेऊन गेला. डबा निघाला मात्र, काकूंच्या फोनवर टणाटण अकरा निरोप आले. त्यांनी लगेच लेकीला फोन लावला. पलीकडून तान्ह्या बाळाचा टाहो ऐकू आला.

"नातू झाला गं बाई! काल दुपारी! आणि मला आज कळतंय!" काकू हसत होत्या, रडतही होत्या.

दाजींनी घसा खाकरला. "म्हणजे केस सुटली. नातवाला माझंच नाव ठेवा."

काकूंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

"एक दिवसाचं पोर आहे हो ते," त्या म्हणाल्या. "त्याने अजून कुणाचं काही वाईट केलेलं नाही."