मिठागरातली मावशी

आमच्या गावात कादंबरीतलं एखादं पात्र अनावश्यक आहे असं कुणी म्हटलं, की ते पात्र दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणणाऱ्याच्या घरी राहायला येतं. सोबत एक पिशवी असते. ज्यानं काढलं त्यानं सांभाळायचं, असा सरळ न्याय आहे, आणि मला तो पटतोही.

आता कुणी म्हणेल, मग तोंड मिटून बसावं. ते जमत नाही. आमच्या वाचनालयाची रीत अशी, की पुस्तक परत करताना काउंटरवर मत सांगायचं. तोंडी, मोठ्यानं आणि खरं. त्याशिवाय ग्रंथपाल गोसावी दुसरं पुस्तक देत नाहीत. ‘बरी आहे’ एवढ्यावर तर ते पुस्तकाला हातही लावत नाहीत.

त्यामुळे घरोघरी कुणी ना कुणी असतंच. निकुंभ डॉक्टर रहस्यकथा वाचतात. त्यांच्याकडे तीन फौजदार आहेत आणि तिघांचं आपसात पटत नाही. बँकेतल्या लता टिपणीसकडे नायकाचा एक जिवलग मित्र आहे, तो दिवसभर खिडकीत बसून नायकाची वाट बघतो. मी बोंद्रेबाई. शाळेतून निवृत्त झाले, पण चूक दिसली की माझी जीभ अजून आवरत नाही. वाचायचं तर डोळे उघडे ठेवून वाचावं, नाहीतर जपमाळ ओढावी.

आमच्याकडे पहिले आले ते कारकून. गिरणीवरची एक चित्रकादंबरी होती, हल्ली ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ती. चित्रं सुरेख, शाई जरा सढळ. तिच्यात हे गृहस्थ पानामागून पान नुसते बाकावर बसलेले. मी म्हटलं, हा नसता तरी चाललं असतं. झालं. सकाळी दारात उभे. काळेपांढरे, आणि चित्रकारानं एकाच बाजूनं काढलेले, त्यामुळे त्यांचा डावा डोळा आम्ही कधी पाहिला नाही. बोलतात ते डोक्यावर पांढऱ्या फुग्यात उमटतं. पंखा जोरात असला की वाचता येत नाही. आमच्या ह्यांना बुद्धिबळाला जोडीदार हवाच होता. कारकुनांनी एकदाच मला विचारलं, माझ्यावाचून तिकडे काही अडलं का. मी चौकशी केली. काही अडलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

मग मिठागरांवरची ती कादंबरी आली. भाषा खणखणीत, वर्णनं पाल्हाळिक, सासरचे लोक सगळे एका साच्यातले. चंपा नावाची मुलगी सासरहून पळते आणि भर दुपारी मिठागरं तुडवत जाते, एवढी गोष्ट. एकोणिसाव्या प्रकरणात ती एका भागीरथीमावशीच्या दारावर थाप मारते, मावशी दार उघडते, पाणी देते. अर्धं पान. मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं, “ही मावशी कशाला? ना तिला स्वभाव, ना भूतकाळ. काढून टाकली तरी कादंबरीचं काही बिघडत नाही.”

मावशी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. पहिल्याच आठवड्यात माझा त्यांच्याशी खटका उडाला. दार वाजलं, की भाजीवाला असो की वर्गणीवाला, त्या उठून सताड उघडत.

“मावशी, आधी कोण म्हणून विचारावं.”

“विचारीपर्यंत माणूस उन्हात उभा र्‍हातो ना गो,” त्या म्हणाल्या.

पण दुपारी मी वाचलेल्या पुस्तकांबद्दल बोलायला लागले, की आमचे हे पाच मिनिटांत घोरतात; मावशी ऐकायच्या. मी एखाद्या लेखकाची चांगली सालपटं काढली, की त्या सगळं ऐकून घेऊन विचारायच्या, “मग त्या पोरीचं काय झालं?” इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी दुपारची वाट बघायला लागले.

अशात एके सकाळी गोसाव्यांचा फोन आला. “बाई, लता टिपणीसनं मिठागरांची कादंबरी परत केलीय. तिचं मत असं, की चंपा दारात बसून आहे आणि कुणी दार उघडत नाही.”

“लताला नीट वाचता येत नाही.”

“मी सगळ्या प्रती बघितल्या. दार उघडणारी तुमच्याकडे आहे.”

मी म्हटलं, लेखकाला कळवा. लेखक वारले होते. तेव्हापासून गोसावी रोज सकाळी फोन करून चंपाची प्रकृती सांगत. काल बसली होती, आज भिंतीला टेकली आहे. आज ओठ फुटल्याचं एक वाक्य वाढलंय. आज तिनं हाक मारली, पण अर्धीच. मला घास उतरेना. आणि इकडे मावशी भर दुपारी कामातून उठून दाराशी जाऊन उभ्या राहत. “दार वाजलं काय गो?” मी म्हणे, “नाही हो मावशी, बसा.”

मत बदलता येतं, पण ज्यानं दिलं त्यानंच, त्याच काउंटरवर. नवं मत खरं असलं, की पात्र त्याच क्षणी पुस्तकात परत जातं. मी पदर खोचून गेले आणि म्हटलं, “भागीरथीमावशी आवश्यक आहे.”

गोसाव्यांनी आमच्या घरी फोन लावला. आमच्या ह्यांनी उचलला. “आहेत की. भाकऱ्या थापताहेत.”

गोसाव्यांनी फोन ठेवला. “मत खोटं आहे, बाई.”

“खोटं कसं? मला त्यांच्यावाचून करमत नाही. त्या लागतात मला.”

“ते मत तुमच्या घराबद्दल झालं,” गोसावी म्हणाले. “कादंबरीबद्दल सांगा.”

कादंबरीबद्दल सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. पात्र कच्चं होतं ते होतंच. मी प्रत घरी आणली आणि दुपारी मावशींसमोर पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतली. मावशी पाय पसरून ऐकत होत्या. चंपा पळते. वाटेत एका घरी थाप मारते. आतून आवाज येतो, कोण? तिला नाव सांगता येत नाही, सांगितलं तर सासरी कळेल. ती पुढे जाते. दुसरं घर, पुन्हा कोण? देवळातला पुजारी, कोण? चौकीवरचा शिपाई, कोण? आधी वाचताना मी याला पाल्हाळ म्हटलं होतं. एकोणिसाव्या प्रकरणात ती जमिनीवर आडवी होती. एका हातानं दार खरवडत होती.

मावशी उठल्या. आमचं दार उघडून त्यांनी गल्लीत डोकावलं, कुणी नव्हतं, पुन्हा येऊन बसल्या.

“पुढं वाच गो.”

“पुढे काही नाही, मावशी. पान कोरं आहे.”

मला तेव्हा सगळं कळलं, आणि न कळतं तर किती बरं, असंही वाटलं. गप्प बसले असते तर मावशी राहिल्या असत्या. पण ती पोर जमिनीवर होती. मी चपला घातल्या.

“खंय निघालीस?”

“वाचनालयात. पुस्तक द्यायचंय.”

“येताना मीठ आण. संपलाय.”

काउंटरवर मी पुस्तक ठेवलं आणि पुटपुटले. गोसावी म्हणाले, मोठ्यानं. मी म्हटलं, “या कादंबरीत प्रत्येक दार आधी कोण म्हणून विचारतं. न विचारता उघडणारी एकच बाई आहे. तिला स्वभाव नाही असं मी म्हटलं होतं. तोच तिचा स्वभाव आहे. ती नसेल तर ही मुलगी मरते, आणि कादंबरीही.”

गोसाव्यांनी फोन लावला नाही. त्यांनी प्रत उघडली, एकोणिसावं प्रकरण काढलं आणि पुस्तक माझ्याकडे वळवलं. चंपा आत होती. पाणी पीत होती. मावशी तिला म्हणत होत्या, हळू पी.

मी मीठ घेऊन घरी आले आणि बरणीत भरून ठेवलं. आमच्या ह्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

त्याच आठवड्यात मी गिरणीची चित्रकादंबरीही पुन्हा चाळली. चाळायला नको होती. रिकामा बाक बघवेना. गिरणी बंद पडते, माणसं पांगतात, आणि हे सगळं होताना बघणारं कुणीच नाही. मी गोसाव्यांना तसं सांगून टाकलं. संध्याकाळी ह्यांनी एकट्यानं बुद्धिबळाचा पट आवरला.

आता घरात आम्ही दोघंच. मी पूर्वीपेक्षा जास्त वाचते. एखादी आगाऊ आत्या, बडबडा भाडेकरू, कुणीही चालेल म्हणून शोधत वाचते. पण मला कुणी अनावश्यक वाटतच नाही. लग्नात एका ओळीपुरता वाढपी आला, तरी वाटतं, हा नसेल तर पंगतीचं काय होईल. खोटं बोलून भागत नाही. लता म्हणाली, आमच्याकडचा मित्र घेऊन जा, पण नियमात बसत नाही. गोसावी म्हणतात, बाई, तुमच्या मतांना पूर्वीची धार राहिली नाही.

आमच्या ह्यांनी जन्मात कादंबरी हातात धरली नव्हती. परवा स्वतः जाऊन एक जाडजूड घेऊन आले. जेवण झालं की ओळीवर बोट ठेवून वाचत बसतात, डुलकीसुद्धा घेत नाहीत. आज दुपारी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “अगं, यात एक पोस्टमन आहे. उगाच आल्यासारखा वाटतोय. सांगू का गोसाव्यांना?”

सांगा, असं अगदी ओठावर आलं होतं.

“कितव्या पानावर आहात?”

“बाराव्या.”

“पुढे वाचा,” मी म्हटलं. “त्याच्या पिशवीत कुणाचं तरी पत्र असेल.”

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. ते वाचत असताना मी वरच्या खोलीतली, कारकुनांची गादी काढून गच्चीवर उन्हात टाकली. त्यांना तसं बोलले नाही.